तुमच्या सिनेमातली माणसं निघून जायची

मोठेबाबा, शेवटी तुमच्या नावाआधी ‘त्यागमूर्ती’ लागलंच.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाटायचं पत्रक मी लिहावं असं ठरलं होतं. पप्पांनी, तुमच्या धाकट्या भावानं, मुद्दे काढून दिले. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, स्वतःकडे पाहिलं नाही. म्हणाले, “हे जरा भाषेत बसव.”

मी म्हणाले, “त्यागमूर्ती काढते.”

“काऊन? वाईट हाये का शब्द?”

“मोठेबाबांनी काढला असता.”

“तो असता तं लिहायची पाळी कायले आली असती?”

मी कागद परत दिला. पप्पांनी तो बसस्टँडजवळच्या एका दुकानातून छापून आणला. आपल्या घराच्या समोरच्या खोलीत तुमचं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान. देऊळगाव राजातल्या कितीतरी मोर्चांची पत्रकं तिथून निघाली. आणि तुमच्यावरचं पत्रक बाहेरून आलं. फोटो चांगला आलाय. मजकुरात तुम्ही नाही.

म्हणून हे लिहिते आहे. लांबेल. तुम्ही म्हणाला असता, अर्धं काप, माणूस चौकात उभ्यानं वाचते. पण हे चौकात वाटायचं नाही.

मी तुमच्या खुर्चीवर बसले आहे. एका हाताला आजीची खाट, समोर टीव्ही, बाजूला लोखंडी कपाट. खिडकी उघडली की शेजाऱ्यांची भिंत. या खोलीत मी लहानपणापासून आले-गेले, पण अशी बसून राहिले नव्हते. बसल्यावर कळलं की या खुर्चीतून दार दिसतच नाही. ते पाठीमागं येतं. कोण आलं, कोण गेलं, हे फक्त आवाजावरून समजतं. तुम्ही एवढी वर्षं दाराकडे पाठ करून बसलात, आणि मला वाटायचं तुम्ही आरामात सिनेमा पाहता.

सिनेमाचे तुम्ही जाणकार नव्हता. दिग्दर्शक तुम्हाला माहीत नव्हते, नट ओळखताना हमखास चुकायचात आणि चुकलं तरी कबूल करायचा नाहीत. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, आजीला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची आणि जुन्या सिनेमांच्या चॅनलवर जे चालू असेल ते पाहायचं. पाहायचं म्हणजे सांगायचं. आजीचे डोळे काचबिंदूनं गेलेले, पुढं खुब्याचं हाड मोडून ती खाटेवर आली. ती ऐकायची. तुम्ही पाहायचा आणि सांगायचा.

“आता एक माणूस आला. चांगल्या घरचा दिसते. बूट घालून गादीवर बसला, म्हणजे चांगल्या घरचा नाही.”

“अन् ते बाई?”

“ते रडून राह्यली. तिले काम दुसरं नाही.”

मी तुमच्या पत्रकांवर अक्षरं शिकले. चौथीत असताना मला ‘निषेध’ लिहिता यायचं आणि ‘निसर्ग’ चुकायचं. बुलढाण्याला कॉलेजात गेले तेव्हा आमच्या वाचन मंडळात जागतिक सिनेमे दाखवायचे. पांढऱ्या चादरीवर सिनेमा, नंतर चर्चा. तिथून मी मतं घेऊन घरी यायचे आणि तुमच्या दुपारच्या सिनेमांवर तुटून पडायचे. जमीनदाराच्या हवेलीचा तो जुना सिनेमा आठवतो? मालक कंगाल होतो आणि रिकाम्या दिवाणखान्यात झुंबर तेवढं उरतं. मी दारातूनच म्हणाले, “हे सगळं शोषणाचं उदात्तीकरण आहे. ते झुंबर कोण पुसत होतं ते दाखवा म्हणावं.”

तुम्ही टीव्हीवरून नजर न काढता म्हणालात, “झुंबर कसं हाये?”

“कसं म्हणजे?”

“सुंदर हाये का नाही?”

“आहे. पण...”

“अगोदर सुंदर म्हण. मग पुसणाऱ्याचं बोल. पुसणाऱ्यालेही ते सुंदरच दिसत असन.”

मी चिडले होते. तो चिडका मजकूर मी मंडळाच्या भित्तिपत्रकात लिहिलाही. पण तेव्हापासून कशावरही तुटून पडण्याआधी मी ती वस्तू एकदा नीट पाहते. हे तुमचं देणं आहे आणि ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या वेळी मी आमच्या मंडळाचा आवडता सिनेमा पेन ड्राइव्हवर आणला. मोठ्या मोठ्या लोकांनी नावाजलेला. त्यात एक म्हातारा कोरड्या कालव्याच्या काठावर मुलाची वाट पाहत बसून राहतो. फारसं काही होत नाही. मला वाटलं तुम्ही अर्ध्यात उठाल. तुम्ही शेवटपर्यंत पाहिलात. आजी मधेच झोपली, कारण सांगण्यासारखं तुम्हाला काही सापडत नव्हतं. संपल्यावर म्हणालात, “चांगला हाये. पण काढणाऱ्यानं कधी कोणाची वाट पाह्यली नसन.”

“का?”

“वाट पाहणारा असा बसत नाही. तो भांडे घासते. कपडे वाळू घालते. उगाच दोनदा झाडून काढते.”

जेलचे सिनेमे तुम्हाला आवडायचे, याचं मला नवल वाटायचं. मारामारी आली की तुम्ही तोंड फिरवायचा, पण कैद्यांच्या बराकी, दगड फोडणं, ताटातली दाळ हे सगळं मन लावून पाहायचा. एकदा म्हणालात, “जेलचं एक बरं असते. सुटायची तारीख लिहून देतात.” मी हसले. आजीही हसली. कोर्टाचे सिनेमे मात्र तुम्हाला चालायचे नाहीत. दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप करणारा माणूस तुम्ही. वकील टेबलावर मूठ आपटून बोलायला लागला की तुम्ही आजीला सांगायचा, “आता हा असा ओरडला तं साहेब पुढची तारीख देईन.” आणि खरोखरच आवाज कमी करायचा.

आपलं खरं भांडण या मतांवरून नव्हतं. ते तुमच्या सांगण्यावरून होतं.

तुम्ही आजीला खोटं सांगायचा. सुरुवातीला मला ते कळलंच नाही, कारण मी अभ्यास करत मधल्या खोलीत असायचे. पुढं एकदा दारात उभी राहून ऐकलं. पडद्यावर नायिका सासरच्या उंबऱ्यावर डोकं ठेवून प्राण सोडत होती, आणि तुम्ही सांगत होतात, “तिनं पिशवी भरली. निघाली. सासू मागून ओरडून राह्यली, पण तिनं पाह्यलं नाही. बसस्टँडवर आली. जालन्याची गाडी लागलेली हाये.”

“जागा भेटली का?”

“भेटली. खिडकीजवळ.”

सगळे जालन्याला जायचे. दारुड्या नवऱ्याची बायको, विधवा सून, जमीनदाराचा नोकर, भावंडांसाठी राबणारी बहीण. ज्या कोणाला सिनेमावाल्यानं घरात मारलं, त्याला तुम्ही एस.टी.त बसवून दिलं. एकदा पडद्यावर आगगाडीनं मोठी शिट्टी दिली. आपल्या तालुक्यात रेल्वे नाही, आजी उभ्या आयुष्यात आगगाडीत बसलेली नाही, तरी तिनं विचारलं, “हे शिट्टी कायची?”

“पोलिसाची,” तुम्ही म्हणालात. “गर्दी हाये स्टँडवर.”

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पोट धरून हसले. पण पुढं एक दुसरा सिनेमा आला आणि माझं हसणं संपलं. त्यात मुलांना वाढवता वाढवता आईची दृष्टी जाते आणि शेवटी देवळात ज्योत पेटते, आई ‘मला दिसतंय’ म्हणते. असला चमत्कार तुम्ही आजीला सांगणार नव्हता. आपल्या घरात ते चालत नाही. तुम्ही सांगितलं, “तिचं ऑपरेशन झालं. सरकारी दवाखान्यात. पट्टी काढली, दिसून राह्यलं.”

आजीनं स्वतःच्या पापण्या चाचपल्या. मग म्हणाली, “मंग माह्यं काऊन होत नाही?”

तुमचा चेहरा मी पाहिला आहे, मोठेबाबा. तुम्ही म्हणालात, “तिचा मोतीबिंदू होता, माय. तुहा काचबिंदू हाये. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही.” तिला हे डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. पण ती दोन दिवस टीव्ही लावू देईना.

मी तुमच्याशी भांडले. म्हणाले, ज्याला दिसत नाही त्याच्यापुढं खोटं सांगणं म्हणजे त्याच्यावर सत्ता गाजवणं. तुम्हीच पत्रकात लिहिलं आहे की लोकांना खरं कळू न देणं ही पहिली गुलामगिरी. मग घरात काय? तुम्ही ऐकून घेतलं. “सिनेमावाला खरं सांगून राह्यला का?” एवढंच म्हणालात. मी म्हणाले, “तो त्याचा खोटेपणा, त्याला मी उत्तर देते. तुमच्या खोटेपणाला कोण उत्तर देणार?” तुम्ही उठून दुकानात गेलात. गिऱ्हाईक नव्हतं. मला झेरॉक्सच्या मशीनचा आवाज आला. तुम्ही कोरे कागद काढत होतात.

आपलं शेवटचं भांडण दिवाळीच्या सुट्टीतलं. मोठ्या भावाचा सिनेमा लागला होता. असले सिनेमे किती पाहिले असतील. मोठा भाऊ गिरणीत राबतो, धाकट्यांना शिकवतो, लग्न करत नाही. शेवटी खोकत मरतो, धाकटा साहेब होऊन येतो आणि फोटोला हार घालतो. हा एकच प्रकार होता ज्यात तुम्ही सिनेमातल्या माणसांवर खरे रागवायचा. “आता हार घालून राह्यला. काल कुठी होता?” आणि आजीला सांगितलं, मोठा भाऊ निघून गेला, धाकटा आता स्वतः स्वयंपाक करतो आणि भात करपवतो. आजीला करपलेला भात फार आवडला.

मी आजीपुढंच विचारलं, “तुम्ही सगळ्यांना पाठवता. तुम्ही का नाही गेलात?”

तुम्ही टीव्हीकडे पाहत राहिलात. मग म्हणालात, “चहा ठेव.”

मी चहा ठेवला. आल्यावर पुन्हा विचारायचं ठरवलं होतं. तोवर गिऱ्हाईक आलं. मग सुट्टी संपली. मग तुमच्या छातीत दुखलं आणि तेही तुम्ही दुकान बंद करून, आजीला जेवू घालून मगच पप्पांना सांगितलं.

कार्यक्रम चांगला झाला. बुद्धवंदना झाली, लोक बोलले. जो उठला तो त्याग म्हणाला. मी मोजायचं नाही असं ठरवून बसले होते. प्रत्येकाच्या बोलण्यात काहीच खोटं नव्हतं, आणि तरी प्रत्येक वाक्यानिशी मी हातातल्या पत्रकाची घडी आणखी बारीक करत होते. मी असंख्य सभांमधून बसले आहे, टाळी कुठं येते ते मला आधी कळतं. इथं टाळ्या नव्हत्या, पण मला कळलं की हे कौतुक तुमच्यासाठी नाही. तुम्हाला आता कशाचीच गरज नाही. हे कौतुक रिकाम्या खुर्चीचं होतं. पुढं जो बसेल त्याला ती गादीची वाटावी म्हणून.

शेवटी सोनाळ्याच्या आत्या उठल्या. तुमची सख्खी बहीण, त्यांचं रडणं खरं होतं. त्या म्हणाल्या, “दादानं मायची सेवा केली. आता मायले काय होईन असं मले वाटून राह्यलं होतं. पण आपली प्रज्ञा हाये. दादाच्याच हाताखाली वाढली.” सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. बायकांनी माझ्या गालावरून हात फिरवला. पप्पा खाली मान घालून बसले होते. त्यांना माहीत आहे की नागपूरच्या साप्ताहिकात मला घेतलं आहे आणि पुढच्या महिन्यात मी हजर व्हायचं आहे. त्यांनी ते सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. जिनं भर सभेत तहसीलदाराला उलट विचारलं, ती मी उरलेली पत्रकं गोळा करायला लागले. अशा वेळी तोंड उघडणारी पोरगी आजीला टाकून जाणारी ठरते, आणि हे तिथल्या एकाही माणसाला वाईट मनानं वाटणार नव्हतं.

आता तुमच्यावरचा राग लिहिते. हा मजकूर तुम्हीही कापला नसता.

घरातलं काम बाईच्या एकटीवर टाकू नका, पाळ्या लावा, असं पत्रक तुम्ही काढलं होतं. मी ते दारोदार वाटलं. पण तुमच्या सख्ख्या भावाला, जो याच छपराखाली झोपतो, त्याला तुम्ही कधी म्हणालात का की आज तू मायले कुशीवर वळव? कधीच नाही. पप्पांना आजीची पावडर कुठं ठेवतात ते माहीत नाही. आईला माहीत आहे, मला माहीत आहे. तुम्ही सगळं इतक्या शांतपणे, इतकं एकट्यानं केलं की ते काम आहे हेच कोणाला दिसलं नाही. ते तुमचा स्वभाव झालं. आणि स्वभावाची पाळी लावता येत नाही, तो वारशानं येतो. तुमच्या चांगुलपणानं मला या खुर्चीत आणून बसवलं, मोठेबाबा. तुम्हाला हे नको होतं, हे मला ठाऊक आहे. तरी बसवलं.

आज दुपारी आजी म्हणाली, “लाव.”

तुम्ही गेल्यापासून टीव्ही बंद होता. मी लावला. दोन भावांचाच सिनेमा होता, दुसरा कुठला तरी. मी सांगायला लागले. मला येत नाही ते. मी म्हणाले, “मध्यमवर्गीय घर आहे,” तर आजी म्हणाली, “म्हणजे कसं?” मी म्हणाले, “भिंतीवर घड्याळ आहे आणि ते बंद आहे.” “हां,” ती म्हणाली.

मी खरं सांगायचं ठरवलं होतं. मोठा भाऊ आजारी पडला, सांगितलं. मेला, सांगितलं. धाकट्यानं फोटो लावला.

“नाही,” आजी म्हणाली. “तो जालन्याले जाते.”

“नाही गेला, आजी. इथंच मेला.”

तिनं चादरीची कड चाचपली. मग अगदी साध्या आवाजात, जसं कोणाच्या लग्नाचं सांगावं तसं सांगितलं. तुम्हाला जालन्यात छापखान्यात नोकरी लागली होती. पप्पा तेव्हा शाळेत. आजोबा नव्हतेच. आजीला नुकतं अंधुक दिसायला लागलं होतं. तुम्ही पिशवी भरली.

“मी त्याले जा म्हणलं,” ती म्हणाली. “अडवलं नाही मी. जा म्हणलं. पण रडत म्हणलं. रडत जा म्हणलं तं कोणी जाते का?”

म्हणजे ते जालन्याला जाणं तुम्ही तिला ऐकवत होतात. इतकी वर्षं रोज दुपारी एक माणूस त्या गाडीत बसवायचात, आणि ती विचारायची जागा मिळाली का. दोघांनाही ठाऊक होतं कोणाबद्दल चाललं आहे. आणि मी दारात उभी राहून सत्य आणि सत्ता यावर भाषण देत होते. माझा मुद्दा अजून चुकीचा वाटत नाही मला. पण ते भांडण माझं नव्हतंच. ते तुम्हा दोघांचं होतं आणि ते तुम्ही संपवत नव्हतात, कारण संपलं असतं तर बोलायला दुसरं काय होतं?

मग आजीनं मला विचारलं, “तू जाशीन?”

तिला कोणी सांगितलं माहीत नाही. या घराच्या भिंती पातळ आहेत आणि तिचे कान चांगले आहेत.

मी म्हणाले, “हो. नागपूरला. पुढच्या महिन्यात.”

तिचं तोंड वाकडं झालं. आता रडेल असं वाटलं, आणि ती रडली असती तर मी गेले नसते, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. माझं सगळं वाचन, सगळी पत्रकं त्या एका हुंदक्यापुढं टिकली नसती. मी खुर्चीचे हात धरून बसले. तिनं रडू गिळलं की नुसता आवंढा गिळला, मला सांगता येणार नाही. मला वाटतं तुमच्यासाठी ती जे करू शकली नाही ते तिनं केलं. किंवा तिला फक्त तहान लागली होती. तिनं पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं.

“मंग मले सिनेमा कोण सांगन?” ती म्हणाली. आवाजात आता तक्रार होती, खणखणीत, म्हाताऱ्या बाईची.

मी उठले. पप्पा समोरच्या खोलीत तुमच्या दुकानात बसले होते, काही न करता. मी म्हणाले, “पप्पा, आजी बोलावते.”

“काय पाह्यजे तिले?”

“तुम्ही.”

“तू हायेस ना तिथं.”

“मी नाही. तुम्ही चला. पाठीला पावडर लावायची आहे, मी डबा दाखवते. मग तिला सिनेमा सांगायचा.”

ते म्हणाले, “मले नाही जमत ते. दादाले जमायचं.” मी म्हणाले, “मलाही जमत नाही. मघाशी ऐकलंत ना.” त्यांना राग आला होता. मी नागपूरच्या नेमणुकीचं पत्र आईजवळ दिलं आहे, असं मी शांतपणे सांगितलं. रविवारी आत्यांना फोन करणार आहे, महिन्यातले आठ दिवस त्यांनी यायचं, हेही सांगितलं. ते काही कबूल झाले नाहीत. पण उठले. उद्या पुन्हा हेच भांडण होईल आणि परवाही होईल. मी जाईन की नाही, खरं सांगू तर, अजून मलाच माहीत नाही.

पप्पा आत जाऊन उभे राहिले. पावडरचा डबा दोन हातांत धरून, जसा कोणी सत्काराचा नारळ धरतो. आजीला वळवताना त्यांना कुठं धरायचं कळेना. “खांद्याखाली हात घाल,” तिनंच सांगितलं. “हाव. असा.” मग ते बसले.

मी हे शेवटचं दाराबाहेर, पायरीवर बसून लिहिते आहे. आतून आवाज येतोय. बराच वेळ नुसतं सिनेमातलं संगीतच येत होतं. मग आजी म्हणाली, “सांग ना.”

“काय सांगू, माय?”

“काय दिसून राह्यलं ते.”

पप्पा घसा खाकरून म्हणाले, “एक माणूस हाये. उभा हाये.”

“कसा उभा हाये?”

“असाच. मले तं समजत नाही तो काऊन उभा हाये ते.”

“पाहाय नीट,” आजी म्हणाली. “घाई नाही.”